समुद्रातला गाळ आणायला निघताना

समुद्रतळाच्या गाळात हलका आणि जड कार्बन किती हे मोजायचं आहे, म्हणून पुण्याहून गोव्याला जहाज गाठायला निघणाऱ्यांनी आधी बाटल्या मोजाव्यात, कपडे नंतर. गाळाच्या कणांमधल्या पाण्यासाठी ब्यूटिल रबराच्या बुचाच्या काचेच्याच बाटल्या घ्या. प्लास्टिकमधून कार्बन डायऑक्साइड आरपार जातो. बाटली काठोकाठ भरून बूच लावायचं, उलटी धरून टिचकी मारायची. मोहरीएवढा बुडबुडा वर पळाला तरी पुन्हा भरा, कारण पाण्यातला कार्बन त्यात निसटतो आणि निसटताना हलका कार्बन-१२ जरा जास्तच जातो.

जंतूंना थांबवायला मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचा क्षार, लागतं, नाहीतर ते बाटलीतही जेवत बसतात. हातमोजे दोन जोड्या चढवा, जहाल विष आहे. गाळाला सडक्या अंड्यांचा वास असेल तर पारा सल्फाइडशी बांधला जाऊन काळा साका बसतो आणि विष कमी पडतं, हेही धरून चाला.

मिथेनचा नमुना सगळ्यात आधी. कोअर, म्हणजे नळीतून काढलेला गाळाचा लांब दंड, वर आला की दाब उतरतो आणि वायू पळायला लागतो. टोक कापलेल्या सिरिंजने गाळाचा तुकडा काढा, सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीत टाका, झाकण दाबून बसवा, हलवा आणि उलटी ठेवा, म्हणजे वायू बुचापर्यंत पोचत नाही.

कटकट वाटेल, पण सगळी गोष्ट इथेच आहे. आकडा म्हणजे ठरलेल्या मानकाच्या तुलनेत जड कार्बन-१३ चं प्रमाण हजारात किती कमी किंवा जास्त. समुद्री सेंद्रिय कार्बनचा आकडा साधारण उणे २० ते २२ प्रति हजार. जंतूंनी बनवलेला मिथेन बहुधा उणे ६० च्याही खाली. सल्फेट संपतं त्या पट्ट्यात मिथेन खाणारे जंतू पाण्यात फार हलका कार्बन सोडतात, तर त्याखाली मिथेन बनवणाऱ्यांमुळे मागे जड कार्बन उरतो, कधी आकडा शून्याच्याही वर. वेगवेगळ्या खोलीवरच्या दोन नमुन्यांची लेबलं बदलली की अर्थच उलटा. माझ्या पहिल्या खेपेला मार्करची शाई ओल्या हाताने पुसली गेली होती. तेव्हापासून पेन्सिलच, आणि वरच्या टोकाला बाण.

सुक्या गाळाचं परत आल्यावर बघू. फक्त आम्लाची वाफ द्यायला चांदीच्या कुप्या आताच मागवून ठेवा, कथलाच्या आम्ल खाऊन टाकतं. वाफ टाळू नका. शिंपल्यांचा कार्बन शून्याच्या आसपास असतो, तो उरला तर आकडा भलताच वर चढतो.

झिपच्या पिशव्या आणि रुंद टेप बोहरी आळीत मिळेल. पाऱ्याच्या बाटल्या मात्र प्रवासी बसच्या डिकीत टाकायच्या नाहीत, त्या नेण्याच्या गाडीचं आजच विचारा.