पिलांचे दिवस आणि कायोटीची भूक : न्यू जर्सीतल्या कोंबड्या-शेळ्यांच्या राखणीसाठी

एप्रिल-मे म्हणजे इथल्या कायोटीच्या घरी पाळणा हलायचे दिवस. हिवाळ्याच्या अखेरीस जोडी जमते, साधारण ६३ दिवसांनी पिले होतात, एका विणीत बहुधा चार ते सात. एवढी तोंडे भरायची म्हटल्यावर एरवी उंदीर-सशांवर भागवणारा हा प्राणी दिवसाउजेडीही फिरू लागतो. परसात सहा कोंबड्या असोत की मळ्यावर वीस शेळ्या, राखणीची डागडुजी आत्ताच उरकून घ्या.

आपल्याकडचा कोल्हा ज्याने पाहिलाय त्याला कायोटी ओळखीचाच वाटेल. रात्रीची कोल्हेकुईसुद्धा. फक्त हा अंगाने थोराड. मूळचा पश्चिमेकडच्या गवताळ माळांचा; लांडगे मारले गेले, जंगल तोडून शेती झाली, तसतसा पूर्वेला सरकला आणि वाटेत लांडग्यांशी त्याचा संकरही झाला. न्यू जर्सीत पहिली नोंद १९३९ ची, हंटरडन काउंटीतली. आज तो सगळ्या २१ काउंट्यांत आहे, त्यामुळे ‘आमच्या टाउनशिपमध्ये कुठला आलाय’ या भरवशावर राहू नका.

आधी खुराडे. दुकानात मिळणारी षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला अडवते, पण कायोटी ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. खरी मेख मात्र जमिनीलगत आहे, कारण तो उडी मारतो त्याहून जास्त उकरतो. खोल चर खणायची गरज नाही. जाळीचा दीड-दोन फुटांचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा, खुंट्यांनी घट्ट दाबा, वर दगड ठेवा. महिन्याभरात गवत त्यातून वर येते आणि जाळी जागची हलत नाही. उकरणारा अगदी कुंपणाच्या बुडाशी उकरतो. दोन फूट मागे सरकून सुरुवात करायचे त्याला सहसा सुचत नाही.

टायमरवर बंद होणाऱ्या दाराची वेळ बदला. जानेवारीत लावलेली साडेपाचची वेळ मी एकदा तशीच ठेवली होती. एप्रिलमध्ये साडेसातपर्यंत उजेड असतो, कोंबड्या निवांत चरत राहिल्या आणि दार मात्र वेळेवर बंद झाले. सकाळी पिसे तेवढी सापडली.

शेळ्या-मेंढ्यांसाठी विजेच्या जाळीचे कुंपण उत्तम. आपले धनगर वाघूर लावतात तसेच हेही उचलून नव्या जागी लावता येते. पण वसंतात गवत झपाट्याने वाढते, खालच्या तारेला टेकते आणि सगळा झटका जमिनीत जिरतो. दर आठवड्याला कुंपणाखालचे गवत कापा आणि टेस्टरने झटका तपासा. मेंढी व्यायली की वार तिथेच पडू देऊ नका, खोल पुरा. पहिले काही दिवस कोकरे गोठ्यातच ठेवा. राखणीचे कुत्रे घ्यायचे तर ते पिलू असल्यापासून कळपात वाढलेले हवे. पाच-सहा कोंबड्यांसाठी एवढा मोठा कुत्रा म्हणजे शेजाऱ्यांची झोपमोड, बाकी काही नाही.

कंपोस्टमध्ये मांस-हाडे टाकू नका, मांजराच्या खाण्याची वाटी रात्री बाहेर ठेवू नका. पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे खाली सांडतात, त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे हा. उन्हाळ्यात टरबुजे पिकली की आणखी एक आमंत्रण. कोल्ह्याप्रमाणे यालाही गोड फळ आवडते. तहान लागली तर ठिबकची नळीही चावतो.

समोर आला तर पळू नका. हात उंच करून ओरडा, थाळी बडवा, पाण्याचा पाइप सोडा आणि त्याच्याकडे तोंड ठेवूनच मागे या. पिलांच्या दिवसांत तो काही अंतर तुमच्या मागे येईल. बिळापासून तुम्ही दूर जाताय ना, एवढेच तो बघतो. लहान कुत्र्याला दोरीशिवाय सोडू नका.

बंदुकीवर फार भिस्त ठेवू नका. एक मारला तर शरद ऋतूत घर सोडून निघालेला तरुण कायोटी ती रिकामी जागा घेतो. शिवाय हंगाम आणि परवान्याचे नियम आहेत. राज्याच्या वन्यजीव विभागाला आधी विचारा.

जनावर मेलेले सापडले तर हलवण्याआधी फोटो काढा. मेंढीच्या गळ्यावर, जबड्याखाली दातांच्या खुणा असतील तर बहुधा कायोटी. मागच्या पायांवर, अंगभर ओरबाडे आणि एकाच रात्री अनेक मेंढ्या जखमी असतील, तर शेजारच्या मोकाट कुत्र्यांची आधी चौकशी करा.