गव्हाची बिअर किती गार हवी?
मे महिन्यात यवतमाळकडे पारा ४५ वर गेला की बाटली फ्रीझरमध्ये कोंबायचा मोह होतोच. साध्या लागरला (नेहमीच्या फिकट बिअरला) ते चालून जातं, गव्हाच्या बिअरला नाही. तिचा केळ्यासारखा, लवंगेसारखा वास यीस्टमुळे येतो आणि २-३ अंशांवर तो पार दबतो. मग नुसतं गार पाणी प्यायल्यासारखं वाटतं. ७-८ अंश बरे. पण आपल्याकडे ग्लास हातात येताच तापायला लागतो, म्हणून ५-६ वरच ओतावी, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यातून काढली की लगेच. (वर्धा-गडचिरोलीकरांनी हे फक्त वाचावं, तिथे दारूबंदी आहे.)

लाइन गेली असेल तर माठावर भिस्त नको. कोरड्या हवेत तो छान गार होतो, तरी पाणी २० अंशांच्या खाली सहसा उतरत नाही. बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी मीठ टाकून बाटली मानेपर्यंत बुडवा, १५ मिनिटं पुरतात. ग्लासात बर्फ मात्र अजिबात नको. थोडी उरली की बाटली हलकेच फिरवून तळाचा यीस्टचा गाळही ओता, गढूळ दिसली तरी.