गाडीच्या मोरीत पाणी मुरतंय? वरून लिंपण्याआधी या चुका टाळा

अक्कलकोटहून परत येताना वळसंगच्या अलीकडं एका शेताच्या कडेला आमची मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, लावली होती. आई आंघोळीला गेली आणि आतूनच ओरडली, "अरे, ही मोरी पायाखाली दबतीय बघ!" मी बाहेरूनच सांगितलं, "प्लॅस्टिकची आहे गं, थोडी दबणारच." त्यानंतर आठ महिने मी हेच वाक्य स्वतःलाही सांगत राहिलो. माझी पहिली चूक हीच.

टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली आमची मोटरहोम. तिच्या शॉवरचा ट्रे, म्हणजे मोरीचा तळ, अडीच फूट बाय दोन फूट. असा ट्रे जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाड असतो, त्याच्यात स्वतःचा दम काहीच नसतो. आपलं वजन पेलतो तो खालचा थर: प्लाय, मध्ये फोम, पुन्हा प्लाय. म्हणजे ट्रे दबतोय याचा अर्थ खालच्या थरानं हात वर केलेत. ते का केले हे शोधण्याआधी वरून काहीही भरलं तर पैसे पाण्यात, आणि इथं तर अगदी शब्दशः.

आधी मऊपणा कसला आहे ते ओळखा. चपला काढून उभं राहा आणि टाचेनं इंचाइंचानं दाबत जा. ट्रे दबून लगेच वर येतो, 'टक्' असा कोरडा आवाज येतो आणि वास नाही, तर खाली नुसती पोकळी झालीय. फोम चेपलाय किंवा आधार मुळातच अर्धवट दिलाय. दाबल्यावर 'पच्' असं काही जाणवतं, कुबट वास येतो, जवळचे स्क्रू नुसते गरगर फिरतात, तर प्लाय कुजलंय. आणि फक्त जाळीभोवती दबत असेल तर संशय जाळीच्या जोडावरच घ्या. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत खडूनं खुणा केल्या तर दहा मिनिटांत नकाशा तयार होतो.

माझी दुसरी चूक जास्त महागात पडली. मी सिलिकॉनची एक नळी आणली, जुन्या सिलिकॉनवरच नवी ओळ ओढली आणि समाधानानं चहा प्यायलो. सिलिकॉनवर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा धड नाही. पंधरा दिवसांत ती ओळ शेवईसारखी हातात आली. शेवटी ओळखीतल्या एका म्हाताऱ्या सुतारमामांना गाडी दाखवली. ते ट्रेकडं बघायच्या आधी खाली वाकून चेसिसकडं बघत म्हणाले, "मालक, भोक बुजवायच्या आधी पाणी येतंय कुठनं ते तर बघा की."

तर पाणी शोधायची पद्धत. सगळं एकदम भिजवू नका, नाहीतर काहीच कळत नाही. आधी जाळीत बोळा घट्ट बसवा, ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर पाणी भरा, त्यात जिलबीचा रंग चिमूटभर टाका आणि पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीनं खूण करा. गाडी समतल जागी हवी. तासाभरात पाणी खाली गेलं तर ट्रेला तडा आहे किंवा जाळीची वरची कडा गळतेय. पाणी हललं नाही तर बोळा काढा आणि खालून टॉर्च मारून ट्रॅपकडं (जाळीखालच्या वाकड्या पाइपकडं) बघत राहा. तिथं रंगीत थेंब दिसला तर जोड ढिला. तेही कोरडं असेल तर फक्त भिंतीवर आणि कोपऱ्यांवर शॉवर मारा; आता थेंब आला तर गळती तिथलीच. राहता राहिला नळाकडं येणारा पाइप. त्याची परीक्षा सगळ्यात सोपी: सगळे नळ बंद असताना बारा व्होल्टचा पंप मध्येच 'टर्र' करून चालू होतोय का, एवढंच रात्री शांततेत ऐका. होत असेल तर बहुधा दाबाखालचं पाणी कुठंतरी निसटतंय.

आमच्याकडं गुन्हेगार निघाला जाळीखालचा नट. बॉडी बांधणाऱ्यानं तो पान्यानं इतका आवळला होता की ट्रेला केसासारखी चीर गेली होती. हा नट हातानं आवळून वर पाव फेरा, बस्स. वरच्या कडेखाली सीलंट (फट बुजवायची पेस्ट), खालून रबरी वॉशर; ताकद लावून गळती थांबत नाही.

नळाला रोज पाणी न येणाऱ्या सोलापुरात मी घरी भांडी धुतलेलं पाणीसुद्धा झाडांना घालतो, आणि गाडीत मात्र आठ महिने ते जमिनीत मुरवत होतो.

आता वाळवणं. "आपल्या उन्हात काय, दोन दिवसांत वाळेल" असं मलाही वाटलं होतं. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना बंद गाडी भट्टी होते हे खरं, पण वर प्लॅस्टिक आणि खाली पत्रा असताना मधल्या प्लायची वाफ जाणार कुठं? ट्रे काढावाच लागतो. कुजलेला भाग खरवडून कोरड्या, टणक लाकडापर्यंत कापा. कापण्याआधी बॅटरीची तार सोडा आणि करवतीचं पातं फक्त वरच्या प्लायच्या जाडीइतकं ठेवा, कारण खाली वायरी असतात आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याची टाकीही. मग पंखा लावून ठेवा. वाळलं का हे बघायला प्लॅस्टिकच्या पिशवीचा चौकोन चारी बाजूंनी टेपनं चिकटवा. चोवीस तासांनी आतून दव दिसलं तर अजून ओल आहे. ओल मोजायचं मीटर असेल तर आकडा १५ टक्क्यांच्या खाली येऊ द्या. वीसच्या वर लाकूड राहिलं की बुरशीला आमंत्रणच.

मग पोकळी भरायला लोक स्प्रेचा फोम आणतात. बारीक भोक पाडायचं, फवारा मारायचा, काम फत्ते! डब्यातला हा फोम हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो. बंद पोकळीत कडेचा सुकतो, मधला कच्चा राहतो, पुढं कधीतरी फुगतो आणि ट्रेच वर उचलतो. शिवाय माणसाचं वजन पेलायला तो बनलेलाच नाही. खरोखर कोरडी पोकळी असेल आणि ट्रे काढणं शक्यच नसेल, तर दोन द्रव मिसळून ओतायचा दाट फोम वापरा, आणि तो घट्ट होईपर्यंत ट्रेवर वजन ठेवा.

एका गवंड्यानं मला सिमेंटचा सल्ला दिला होता. हिशेब केला: एवढ्याशा ट्रेखाली इंचभर माल म्हणजे साधारण चोवीस-पंचवीस किलो. तेवढ्याच जागेत बारा मिलिमीटर प्लाय साडेतीन-चार किलोत बसतं. वर पुणे हायवेचे हादरे. चालत्या गाडीत सिमेंटचा भुगा व्हायला वेळ लागत नाही.

प्लाय घेताना दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणेल. शिक्क्यावर आयएस ७१० बघा, ते मरीन प्लाय. पण तेही कडेनं पाणी पितं. म्हणून कापल्यावर सहाही बाजूंना, भोकांच्या आतसुद्धा, इपॉक्सीचे दोन हात द्या. ट्रे त्यावर लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) अ‍ॅडहेसिव्हनं पूर्ण टेकेल असा बसवा. ट्रेमधून स्क्रू मारू नका, कितीही मोह झाला तरी.

चिरेबद्दल थोडकं: दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं भोक पाडलं की ती पुढं सरकत नाही. मग खालून ठिगळ. ट्रे कशाचा आहे ते आधी बघा. कापसावर थोडं अ‍ॅसिटोन घेऊन लपलेल्या जागी लावा. चिकट झालं तर बहुधा एबीएस नावाचं प्लॅस्टिक, त्याला एबीएसचंच सॉल्व्हंट सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंद) लागतं. फायबरचं रेझिन त्यावर पापडासारखं सुटतं. काहीच झालं नाही तर बहुधा फायबरग्लास, मग काचेच्या धाग्यांचं मॅट आणि रेझिन चालतं. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असेल तर चीर दिसतच नाही. तो लिंबूसत्त्वानं काढा, फरशीच्या अ‍ॅसिडनं नको, रबर आणि धातू दोन्ही खराब होतात.

शेवटचं सिलिकॉन ओढताना ट्रेमध्ये वजन हवं. रिकाम्या ट्रेत ओळ ओढली तर पहिल्याच आंघोळीला ट्रे किंचित खाली जातो आणि कोपरा उघडतो. मी वीस-वीस लिटरचे तीन भरलेले कॅन ठेवले, जुनं सिलिकॉन पातं लावून आणि स्पिरिटनं पुसून काढलं, मग ओळ ओढली आणि चोवीस तास कुणाला पाय ठेवू दिला नाही. आई दर दोन तासांनी विचारत होती, "झालं का रे?"

ट्रॅपशेजारी हात जाईल एवढी झडप ठेवली आणि आत जुन्या पेपरचा तुकडा. थेंब पडला की कागद सुरकुततो. पहिल्याच महिन्यात तो सुरकुतलेला निघाला. नट पाव फेरा आवळला, नवा कागद ठेवला, तेव्हापासून कोरडा आहे.