इंजिनाचा नंबर वाचायला शिकताना

आयटीआयचं मोटार मेकॅनिक झालंय, गॅरेजात हात काळे झालेत आणि आता जुन्या गाड्यांच्या कामात उतरायचंय, अशी जळगाव-भुसावळकडची बरीच पोरं हल्ली विचारतात. इंजिन उघडणं-बांधणं तुम्हाला येतं. नंबरावरून त्याचं साल ओळखणं हे निराळं काम आहे, आणि सुरुवातीला ते फार छळतं. मला अजूनही अनोळखी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, समोर आला की धडधडतं.

आपल्याकडे पहिली गाठ पडते जीपशी. चोपडा, यावल, रावेरकडे केळीच्या मळ्यांत जुन्या विलिस आणि महिंद्रा अजून शेडमध्ये उभ्या दिसतात. तिथेच एक सापळा आहे, तो नीट समजून घ्या.

ब्लॉकवर दोन प्रकारचे आकडे असतात, उठावाचे आणि ठोकलेले. उठावाचे साच्यातून येतात, ब्लॉक ओततानाच. एका साच्याच्या सगळ्या ब्लॉकांवर ते सारखेच. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिसच्या ब्लॉकवर 638632 असा ठसठशीत आकडा असतो. नवा माणूस तोच टिपून घेतो, कारण तो मोठा आणि वाचायला सोपा. मीही तोच इंजिन नंबर धरून बसलो होतो. पण शेजारच्या गावातल्या जीपवरही तोच निघणार! खरा नंबर पंचाने ठोकलेला, उथळ आणि बारीक. वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकच्या उजव्या अंगाला घासून सपाट केलेली छोटी जागा असते, तिच्यावर. बोट फिरवा. बोटाला उंचवटा लागला तर तो साच्याचा, नख आत अडकलं तर तो ठोकलेला. प्रत्येक इंजिनावर हे करा, कितीही वर्षं झाली तरी.

ती जागा नेहमी ऑइल आणि मातीखाली गेलेली असते. ग्राइंडर लावाल तर नंबर कायमचा जाईल, आणि आरटीओत तो खोडल्यासारखा दिसेल ते वेगळंच. रॉकेल, जुना टूथब्रश आणि धीर. मग वरून खडू फिरवायचा आणि टॉर्च तिरपी धरायची. माझे उस्ताद म्हणायचे, "आधी पुशी ले भो, मंग वाच." 3 आणि 8 चा घोळ तिरप्या उजेडातच सुटतो. चेसी प्रिंट घेतात तशी कागद-पेन्सिलीने छाप घेऊन ठेवा.

नंबर हाती आला की पुढचं अवघड नाही, घाबरू नका. आकड्यांच्या आधी 'एमबी' ही अक्षरं असतील तर विलिसचं 1941 ते 1945 मधलं लष्करी इंजिन, 'जीपीडब्ल्यू' असेल तर त्याच काळातलं फोर्डचं. नुसतं 'जे' म्हणजे युद्धानंतरचं, '4 जे' म्हणजे हरिकेन, विलिसचं त्यानंतरचं इंजिन. फोर्डने कारखान्यात इंजिनाचाच नंबर चेसीवर ठोकला, विलिसने तसं केलं नाही. म्हणून विलिसमध्ये दोन नंबर जुळले नाहीत तर मालकाला घाबरवू नका. जुळले तर मात्र संशय घ्या.

शेवरलेटच्या जुन्या सहा सिलिंडरवाल्यांत उठावाचा आकडाच कामी येतो. तिथे ओतल्याची तारीख असते: ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग सालाचा शेवटचा अंक. 'एफ 14 1' म्हणजे 14 जून, पण 1941 की 1951, हे इंजिनाच्या बनावटीवरून ठरवावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या नंबरांच्या याद्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. साच्याचे आणि ठोकलेले आकडे त्यांत सर्रास मिसळलेले असतात. गुरू निवडताना सुटे भाग विकणाऱ्याकडे जाऊ नका, त्याला साल जुनंच हवं असतं. ज्याच्याकडे उघडून ठेवलेले ब्लॉक आहेत, त्याच्याकडे फुकट झाडू मारावा लागला तरी चालेल.

आणि इंजिनाचं साल म्हणजे गाडीचं साल नाही. लष्कराच्या वर्कशॉपांत इंजिनं सर्रास बदलली जात. आपल्याकडे तर कितीतरी जीपांत पेट्रोल काढून डिझेल बसवलंय. 2021 च्या नियमाप्रमाणे 'व्हीए' या व्हिंटेज गाड्यांच्या मालिकेचा नंबर 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला मिळतो, पण चेसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसेल तरच. मालक म्हणेल, "दादा, 42 सालची लिहून द्या." तुम्ही इंजिन नंबर, त्याच्या अक्षरांवरून निघणारा काळ आणि चेसीचा नंबर वेगवेगळ्या ओळींत लिहा, खाली पेन्सिलीची छाप डकवा आणि सही करा. गाडीचं साल आरसी बुक आणि चेसी पाहिल्याशिवाय लिहू नका.