गुण कमी असताना शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला जावे का?

बारावीला ५८ टक्के मिळाले असताना एखाद्या ट्रस्टकडून मुलाखतीचे पत्र आले, तर प्रथम आपला अर्ज काढून पाहावा. त्याला बारावीची गुणपत्रिका जोडलेली असेल, तर छाननी करणाऱ्यांनी गुण पाहूनच बोलावले आहे. अशा वेळी संकोचापोटी घरी बसण्याला काहीच अर्थ नाही. अर्ज निकालापूर्वी भरला असेल, तर मात्र जाहिरात पुन्हा नीट वाचावी. ‘गुणवत्तेस प्राधान्य’ ही अट अडवणारी नसते, ‘किमान ६० टक्के आवश्यक’ ही असते. किमान अट पूर्ण होत नसल्यास गुणपत्रिका जोडून कार्यालयाला ईमेल करावा, ‘तरीही उपस्थित राहू का?’ असे सरळ विचारावे आणि होकार आल्यास त्याची प्रत सोबत न्यावी. गुण लपवून जाऊ नये, कारण मूळ कागदपत्रे तिथे तपासली जातातच.

गुणांविषयी प्रश्न येणार हे गृहीत धरून दोन-तीन वाक्यांचे खरे उत्तर तयार ठेवावे. ‘घरची परिस्थिती बिकट होती’ एवढ्यावर थांबल्यास समितीच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी ‘रसायनशास्त्रातील गणिती उदाहरणे माझी अर्धवट राहिली, निकालानंतर मी तीच सोडवत आहे, ही वही’ असे सांगता आले, तर पुढचा प्रश्न बहुधा वहीतल्या एखाद्या उदाहरणावर येतो. म्हणून ती वही स्वतःचीच असावी, हे सांगायला नको.

न जाण्याची कारणेही असतात. त्याच दिवशी कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतील जागा निश्चित करण्याची अंतिम मुदत असेल आणि तारीख बदलून मिळत नसेल, तर आधी प्रवेश घ्यावा. एकही केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, लागता कामा नये, अशी शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाची अट असल्यास ती पेलेल का, याचाही घरी विचार व्हावा. माझ्या मते एका वर्षाची मदतही नाकारण्याजोगी नसते, फक्त पुढच्या वर्षीच्या शुल्काची दुसरी सोय हाताशी हवी. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश मिळालेला असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचे निकष महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अवश्य पाहावेत. तिथे मुलाखत नसते.

जायचे ठरल्यावर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला अद्ययावत आहे ना, हे पाहावे. मुलाखत रविवारी फोर्टमध्ये असेल, तर कल्याण-डोंबिवलीकरांनी मेगाब्लॉकचे वेळापत्रक शनिवारीच पाहून ठेवावे.