हौसिंगचं ऑइल बदलायचंय? आधी आत काय बसलंय ते बघा

थारवाल्या दोस्तांचा ठरलेला प्रश्न, मागच्या हौसिंगला (मागच्या अॅक्सलवरचा, डिफरन्शियल असतं तो डबा) कुठलं ऑइल टाकू आणि ती छोटी अॅडिटिव्हची बाटली लागते का? तर बाबांनो, दुकानात जायच्या आधी आत कसलं डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारे गिअर) आहे ते बघा, कारण सगळ्यांना सरसकट 'एलएसडी', म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणायची सवय आहे आणि घोळ तिथेच होतो.

क्लचप्लेटवालं एलएसडी असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर (तीच ती छोटी बाटली, प्लेटांची पकड मऊ करणारी) लागतो, नाहीतर पार्किंगमध्ये फुल स्टिअरिंग मारून वळताना मागून खर्रर्र खर्रर्र आवाज येतो, प्लेटा धरतात-सोडतात त्याचा. पण ऑइलच्या डब्यावरच 'लिमिटेड स्लिप' लिहिलेलं असेल तर मॉडिफायर त्यातच असतो, वर अजून बाटली ओतलीत तर प्लेटा घसरायला लागतात आणि एलएसडी असून नसल्यासारखं. गिअरवालं, म्हणजे टॉर्सन टाइप, त्याला काहीच नको.

आता थारचं. तिच्या काही मॉडेलमध्ये ईटन कंपनीचं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल येतं, दोन चाकांच्या स्पीडमध्ये साधारण 100 आरपीएमचा फरक पडला की आपोआप लॉक होतं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरतात. त्यालाही आत प्लेटा आहेत, पण लॉक व्हायला त्यांची पकडच लागते, म्हणून मॉडिफायर अजिबात नाही. मला एका दुकानदाराने 'एलएसडी आहे ना, मग टाकावंच लागतं' म्हणून बाटली गळ्यात मारली होती, ती अजून तशीच सीलबंद पडलीय. साधं जीएल-5 (गिअर ऑइलचा दर्जा), जाडीला 75डब्ल्यू-90 किंवा 80डब्ल्यू-90, त्यातला मॅन्युअलमध्ये असेल तो ग्रेड घ्या. गॅरेजवाला 'नव्वद नंबर टाकतो' म्हणाला तरी डब्यावर जीएल-5 आहे का ते स्वतः वाचा, त्याच्या खालचा जीएल-4 क्राउन-पिनियनला, म्हणजे हौसिंगमधल्या मुख्य गिअरच्या जोडीला, पुरत नाही.

बदलताना दहा-पंधरा किलोमीटर फिरवून गाडी सपाटीवर लावा आणि वरचा, भरायचा बोल्ट आधी खोला. तो जाम निघाला आणि खालून ऑइल सोडून बसलात तर गाडी जागेवरच. खालच्या बोल्टच्या मॅग्नेटवर राखाडी चिखल असेल तर टेन्शन नाही, कपच्या दिसल्या तर मेकॅनिक बोलवा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, पावसाळ्यात ओढ्यात घातली असेल ना, मग ब्रीदरचा (हौसिंगमधली हवा आत-बाहेर करणारा) पाइपही तपासा. नवीन ऑइल भोकाच्या काठापर्यंत, बाहेर झिरपायला लागलं की बास, वायसर नवीन टाकून बोल्ट आवळा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली एकदा वाकून बघा.