ॲपसेटिंग्ज फाइलमधली आतल्या आत दडलेली सेटिंग कशी वाचायची (एएसपी डॉट नेट कोअर)

एएसपी डॉट नेटच्या वेब डॉट कॉन्फिग या जुन्या सेटिंग फाइलवर वर्षानुवर्षं काम केलेली मंडळी कोअरवर, म्हणजे त्याच फ्रेमवर्कच्या नव्या अवतारावर, आली की पहिल्यांदा इथेच अडकतात. तिकडे ॲपसेटिंग्ज नावाच्या सेक्शनमध्ये एक की, एक व्हॅल्यू, विषय संपला. इकडे ॲपसेटिंग्ज डॉट जेसन या फाइलमध्ये कंसात कंस, आणि पोर्ट नंबर तिसऱ्या लेव्हलला बसलेला. तो कोडमध्ये कसा आणायचा ते बघू.

उदाहरण मेल सेटिंगचं घेऊया. फाइलमध्ये 'मेल' नावाचा सेक्शन आहे, त्याच्या आत 'सर्व्हर', त्याच्या आत 'होस्ट' आणि 'पोर्ट', शिवाय मेलमध्येच 'पत्ते' नावाची एक लिस्ट. (तुमच्या फाइलमध्ये ही नावं इंग्रजीतच असणार, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितोय.)

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. फाइल आपल्याला झाडासारखी दिसते, पण लोड झाली की फ्रेमवर्क तिची एक सपाट यादी करून ठेवतं, प्रत्येक ओळीत पूर्ण पाथ आणि त्याची व्हॅल्यू, तीसुद्धा स्ट्रिंग म्हणूनच:

मेल:सर्व्हर:होस्ट
मेल:सर्व्हर:पोर्ट
मेल:पत्ते:०
मेल:पत्ते:१

म्हणजे लेव्हल बदलली की मधे कोलन, आणि लिस्ट असेल तर शून्यापासून नंबर. स्मॉल-कॅपिटलचा फरक पडत नाही.

आता वाचायचं. एखादीच व्हॅल्यू हवी असेल तर कॉन्फिगरेशन ऑब्जेक्टला चौकोनी कंसात 'मेल:सर्व्हर:होस्ट' हा पाथ द्या, स्ट्रिंग मिळते. पोर्टसारखा आकडा हवा असेल तर गेटव्हॅल्यू वापरा आणि टाइप इंट द्या. पण जपून, पाथमध्ये एक अक्षर जरी चुकलं तरी गेटव्हॅल्यू एरर देत नाही, गुपचूप ० देतं, मग मेल जात नाही आणि तुम्ही फायरवॉल तपासत बसता. गेटसेक्शनचंही तसंच, सेक्शन नसला तरी नल येत नाही, रिकामा सेक्शन हातात पडतो, म्हणून नल चेक लावून काही उपयोग नाही. एक्झिस्ट्सने तपासा, नाहीतर डॉट नेट ६ पासून गेटरिक्वायर्डसेक्शन आहे, ते सेक्शन नसेल तर सरळ एक्सेप्शन फेकतं. मला तेच बरं वाटतं.

दोन-तीनपेक्षा जास्त व्हॅल्यू असतील तर मात्र पाथच्या स्ट्रिंगा कोडभर पेरू नका, प्लीज. क्लास बनवा. मेलसेटिंग्ज नावाचा एक क्लास, त्यात सर्व्हर नावाची प्रॉपर्टी, तिचा टाइप सर्व्हरसेटिंग्ज हा दुसरा क्लास, आणि पत्त्यांसाठी स्ट्रिंगची लिस्ट. प्रॉपर्टी पब्लिक हव्यात आणि त्यांना सेटर हवा, नुसती फील्ड लिहिली तर बाइंडिंग (सेक्शनमधल्या व्हॅल्यू क्लासमध्ये भरण्याचं काम) तिच्याकडे बघतसुद्धा नाही. मग प्रोग्राम फाइलमध्ये ॲडऑप्शन्स, त्याला बाइंड करून 'मेल' सेक्शन द्या, पुढे व्हॅलिडेटडेटाॲनोटेशन्स आणि व्हॅलिडेटऑनस्टार्ट जोडा, म्हणजे क्लासवर ॲट्रिब्यूट म्हणून लावलेले नियम ॲप सुरू होतानाच तपासले जातात. कंट्रोलरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मेलसेटिंग्जसाठीचं आयऑप्शन्स मागायचं आणि त्याच्या व्हॅल्यूमधून सर्व्हर, मग पोर्ट, असं डॉट देत जायचं, झालं. ॲप चालू असताना फाइल बदलली तर आयऑप्शन्सला ते कळत नाही. नवीन व्हॅल्यू हवी असेल तर आयऑप्शन्सस्नॅपशॉट घ्या, तो प्रत्येक रिक्वेस्टला ताजा असतो.

व्हॅलिडेशनमध्ये नेस्टेड सेटिंगचा एक खरा खड्डा आहे. वरच्या क्लासवर लावलेले नियम तपासले जातात पण आतल्या सर्व्हर क्लासवरचे आपोआप तपासले जात नाहीत. डॉट नेट ८ पासून त्या प्रॉपर्टीवर व्हॅलिडेटऑब्जेक्टमेंबर्स हा ॲट्रिब्यूट लावता येतो, सोबत रिक्वायर्डही लावा म्हणजे अख्खा सेक्शनच गायब असेल तरी पकडलं जाईल. पोर्टवर मात्र रिक्वायर्ड लावून काही होत नाही कारण इंटमध्ये ० असतोच, तिथे १ ते ६५५३५ अशी रेंज लावा.

आता सर्व्हरवर टाकताना. पासवर्ड फाइलमध्ये ठेवून गिटवर चढवू नका, आपल्या मशीनवर यूजर सीक्रेट्स (प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर राहणारी सेटिंग फाइल) आणि सर्व्हरवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. फक्त लिनक्सच्या शेलमध्ये व्हेरिएबलच्या नावात कोलन चालत नाही, म्हणून त्याच्या जागी डबल अंडरस्कोर: मेल__सर्व्हर__पोर्ट. सिंगल टाकला तर ती वेगळीच की होते आणि कुणी काही बोलत नाही.

कोण कोणाला ओव्हरराइड करतं त्याचा क्रम असा: आधी मूळ ॲपसेटिंग्ज, मग एन्व्हायर्नमेंटच्या नावाची फाइल (उदाहरणार्थ ॲपसेटिंग्ज डॉट प्रॉडक्शन डॉट जेसन), डेव्हलपमेंटमध्ये यूजर सीक्रेट्स, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, शेवटी कमांड लाइन, आणि नंतरचा जिंकतो. पण हे एकेका पाथपुरतं चालतं, पूर्ण सेक्शनपुरतं नाही. मूळ फाइलमध्ये तीन पत्ते आणि प्रॉडक्शनच्या फाइलमध्ये एकच असेल तर फक्त ० नंबरचा बदलतो, बाकीचे दोन तसेच राहतात, आणि टेस्टिंगच्या पत्त्यांवर खऱ्या ग्राहकांचे मेल जायला लागतात. वरची सपाट यादी आठवली की हे असं का होतं ते लगेच कळतं.

तरीही व्हॅल्यू कुठून येतेय ते सापडत नसेल तर गेटडीबगव्ह्यू प्रिंट करा. प्रत्येक पाथपुढे व्हॅल्यू आणि ती कुठल्या फाइलमधून किंवा व्हेरिएबलमधून आली ते दिसतं. हे आपल्या मशीनवरच करा, त्यात पासवर्डसुद्धा उघडे छापले जातात.